दोन पूर आणि एक बोट

नोकरी पुण्यात, भाडं पुण्यात, ट्रॅफिकमधल्या शिव्यासुद्धा पुण्यात. मत मात्र शिरोळ तालुक्यात! अशा आपल्यासारख्यांचं नेमकं गाव कुठलं?

पुण्यात कुणालाही "तू कुठली गं?" असं विचारून बघा. एका शब्दात उत्तर मिळालं तर माझ्याकडून एक कटिंग. "राहते वडगावला, पण मूळची..." इथून सुरू होणारी गोष्ट लिफ्टमध्ये सुरू होते ती कॅन्टीनमध्ये संपते. आमच्या टीममध्ये अकरा जण आहोत. त्यातले नऊ जण 'मूळचे' आहेत. उरलेले दोघं पुण्याचेच, आणि त्याबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जो अभिमान असतो तो तुम्हाला सांगायला नकोच.

हे 'राहते' आणि 'मूळची' प्रकरण आपण आयुष्यभर छान सांभाळतो. दिवाळीला मूळचे, सोमवारी राहणारे. लोणचं मूळच्या घरचं, गॅस सिलिंडर राहत्या घरचा. पण एक जागा अशी आहे जिथं ही दोन दगडांवरची कसरत चालत नाही. ती म्हणजे मतदार यादी. तिचं म्हणणं अगदी सरळ आहे. माणूस एक, यादी एक, मत एक. बोला, कुठं टाकू तुम्हाला?

मी दहा वर्षं या प्रश्नाला "बघू नंतर" म्हणत आले. नाव गावच्या यादीत, मी पुण्यात. प्रत्येक निवडणुकीला बॅग भरायची आणि निघायचं. मजा यायची. तेवढंच आईच्या हातचं खायला मिळायचं. पण मग दोन पूर आले आणि ही मजा जरा गंभीर झाली. ते सांगतेच, पण आधी प्रवास.

सुट्टी तेराला, मत सातला

२०२४ ची लोकसभा निवडणूक महाराष्ट्रात पाच टप्प्यांत झाली. १९ एप्रिलला सुरुवात, २० मेला शेवट. आमचा मतदारसंघ हातकणंगले. तिथलं मतदान ७ मेला, मंगळवारी. पुण्याचं १३ मेला, सोमवारी. ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल खूण अर्थातच तेराला.

मी सातची सुट्टी मागितली. एचआरमधल्या मुलीनं अतिशय गोड आवाजात विचारलं, "पण आपल्याकडे तर तेराला आहे ना?" आता 'आपल्याकडे' म्हणजे कुठं, हाच तर सगळा घोळ आहे बाई! शेवटी मी १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ब मेलमध्ये चिकटवलं. ज्याला मतदानाचा हक्क आहे त्या कर्मचाऱ्याला मतदानाच्या दिवशी पगारी सुट्टी, असं ते कलम सांगतं. कलम चिकटवलं की मेलला एकदम वजन येतं. सुट्टी मंजूर.

गंमत पुढे आहे. तेराला ऑफिस बंद होतंच. म्हणजे शनिवार, रविवार, सोमवार असा सलग तीन दिवसांचा वीकेंड. ज्यांचं नाव पुण्याच्या यादीत होतं त्यातले काही जण शुक्रवारी रात्रीच महाबळेश्वरकडे पळाले. आणि जिचं नाव पुण्यात नव्हतं ती मी, सोमवारी सकाळी बाल्कनीत चहा पीत समोरच्या शाळेतल्या बूथवरची रांग बघत होते. पुण्याचं मतदान त्या वेळी ५४ टक्क्यांच्याही आत राहिलं. हातकणंगल्याचं ७१ टक्क्यांच्या घरात गेलं. सगळा दोष महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीवर टाकता येणार नाही, हे मान्य. यादीतली दुबार नावं, घर बदललेली माणसं, उन्हाळा, कंटाळा असं बरंच काही असतं. पण आकडा बघून जीभ चावावीशी वाटते खरी.

हाफ तिकीट, फुल मत

सहा तारखेला संध्याकाळी स्वारगेट. एसटी स्टँडवर तो सनातन वास, तीच धावपळ आणि खिडकीतून आत टाकलेले रुमाल. आपली ही एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर अशी पहिल्यांदा धावली. रुमालाचं रिझर्व्हेशन बहुधा दुसऱ्याच फेरीपासून सुरू झालं असावं.

१७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. त्याआधी, २०२२ मध्ये, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास फुकट झाला. त्यामुळे गाडीत पूर्ण तिकीट काढणारा माणूस आता जरा केविलवाणाच दिसतो. माझ्या शेजारी इस्लामपूरच्या बाजूच्या एक मावशी होत्या. लेकीकडे राहायला आलेल्या, मतदानाला परत चाललेल्या. कंडक्टरनं तिकीट फाडून हातात दिलं तसं त्या म्हणाल्या, "सरकार तिकीट अर्धं घेतंय, पर मत पुरं मागतंय बघ!" आख्खी गाडी हसली. राजकारणावरचं एवढं नेमकं वाक्य मी रात्री नऊच्या चर्चेत अजून ऐकलेलं नाही.

कात्रज, खेड शिवापूर, खंबाटकी, सातारा, कराड. या रस्त्याचा सरकारी नंबर कधीच ४८ झालाय, पण आपण सगळे त्याला 'एनएच फोर'च म्हणतो. इथं रस्त्याचंही तेच. राहतो ४८ मध्ये, मूळचा ४ चा.

आचारसंहितेच्या काळात हायवेनं प्रवास करायची एक वेगळीच मौज असते. एरवी दुतर्फा फ्लेक्स असतात. वाढदिवस, निवड, फेरनिवड, 'भावी' अमुक आणि 'कार्यसम्राट' तमुक. गॉगल घातलेले चाळीस चेहरे आणि त्यांच्यामागे कुठंतरी महाराष्ट्र. आचारसंहिता लागली की हे सगळं उतरतं. कोनशिलांवर कागद चिकटतात. पाट्यांवरची नावं झाकली जातात. आणि इतके दिवस मागे उभा असलेला ऊस, टेकडी, एखादं जुनं देऊळ एकदम दिसायला लागतं. निवडणूक आयोगाला पर्यावरणाचा पुरस्कार का देत नाहीत कुणास ठाऊक!

पेठ नाक्याला गाडी हायवे सोडून सांगलीकडे वळते. इथं माझ्यातही एक बदल होतो. आईला फोन लावला की पुण्यातली 'मी आले' इथं आपोआप 'मी आलो' होते. आमच्याकडे बायका 'जातो, येतो, करतो'च म्हणतात. पुण्यात यावरून माझी भरपूर खेचली गेलीये. पण पेठ नाका ओलांडल्यावर क्रियापदं ऐकत नाहीत. ती मूळच्या गावचीच.

जांभळ्या बोटाची गोष्ट

मतदान जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. त्याच वर्गात, जिथं मी पाढे म्हटले होते. दारात टेबल टाकून बसलेले पोलिंग एजंट माझ्याकडे बघून आधी गोंधळले. मग एकानं विचारलं, "तू आबांची न्हवं?" झालं! ओळखपत्राआधी ओळख पटली. पुण्यात माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं हे मला अजून नीट माहीत नाही, आणि इथं माझ्या आजोबांच्या नावावर मी यादीत सापडते.

मग ती शाई. डाव्या हाताच्या तर्जनीवर, नखावर आणि कातडीवर मिळून एक रेघ. ही शाई बनते म्हैसूरला. १९३७ साली म्हैसूरच्या महाराजांनी सुरू केलेल्या आणि आता कर्नाटक सरकारच्या असलेल्या रंगाच्या कारखान्यात. नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीनं तिचं सूत्र तयार केलं आणि १९६२ च्या निवडणुकीपासून ती देशभर वापरात आली. तिच्यात सिल्व्हर नायट्रेट असतं. उजेड लागला की ते काळं पडतं आणि कातडीत असं बसतं की साबण, लिंबू, नेलपॉलिश रिमूव्हर सगळे हात टेकतात. नख वाढेल तशी रेघ वर सरकते आणि मगच जाते. महिनाभर तरी लोकशाही आपल्या बोटावर मुक्कामाला असते.

आठ मेला मी ते बोट घेऊन पुण्यात परत. बाणेरच्या एका कॅफेत बोर्ड लागलेला, 'शाई दाखवा, वीस टक्के सूट मिळवा'. मी ऐटीत बोट पुढे केलं. काउंटरवरचा पोरगा बोटाकडे बघतोय, माझ्याकडे बघतोय. "मॅडम, मतदान तेराला आहे." मी म्हटलं, माझं झालं. तो म्हणाला, "कसं काय?" मागे रांग वाढत होती, म्हणून महाराष्ट्रातले पाच टप्पे समजावून न सांगता मी पूर्ण पैसे दिले. हाफ तिकिटात वाचलेले पैसे कॉफीत गेले.

आयर्विनला किती?

आता मुद्द्याचं.

आमच्या घराच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बाराही महिने 'सुप्रभात' आणि गुलाबाची फुलं येतात. फक्त जुलै-ऑगस्टमध्ये फुलं बंद होतात आणि आकडे सुरू होतात. "आयर्विनला ३४." "राजारामला ३८, चढतंय." बाहेरच्या माणसाला वाटेल शेअर बाजार आहे. हे नदीच्या पाण्याचे फूट आहेत. सांगलीचा आयर्विन पूल कृष्णेचं पाणी सांगतो, कोल्हापूरचा राजाराम बंधारा पंचगंगेचं. शिरोळ तालुक्यात या दोन नद्या एकत्र येतात. म्हणजे दोन्हीकडचं पाणी शेवटी आमच्याच दारात.

आयर्विनला ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेलं. राजारामची धोक्याची पातळी ४३, तिथं ते ५५ च्या वर चढलं. हायवे शिरोलीजवळ पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस बंद राहिला. मी पुण्यात, आई-बाबा जनावरांसकट शाळेच्या वरच्या मजल्यावर. तीच शाळा, जिथं मत द्यायला जाते. ८ ऑगस्टला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी बोट उलटली. माणसं गेली. त्या दिवशी बाबांचा फोन लागत नव्हता. ब्रह्मनाळ आमच्यापासून लांब आहे, हे मला नकाशावर दिसत होतं आणि तरीही मी दर दोन मिनिटांनी फोन लावत होते. तेव्हापासून 'बोट' हा शब्द ऐकला की मला शाईच्या आधी पाणी आठवतं.

२०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा पूर. पुन्हा हायवे बंद. त्यामुळे गावातल्या मताला माझ्यासाठी अर्थ आहे. अलमट्टी धरणाची उंची ५१९.६० मीटरवरून ५२४.२५६ मीटर करायची की नाही, हा दिल्ली-बंगळूरचा वाद आमच्या घरी जेवताना चालतो. धरणातून पाणी कधी सोडायचं, नदीच्या पात्रातली बांधकामं कुणी हटवायची, पुनर्वसनाचं काय, हे सगळं कुणीतरी निवडून आलेला माणूसच बोलणार. मग त्याला निवडणाऱ्यांत मी नको?

थांबा, दुसरा पूर राहिला.

२५ जुलै २०२४. मी सिंहगड रोडच्या बाजूला राहते. रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून पाणी सोडलेलं, विसर्ग पुढे ३५ हजार क्युसेकच्या घरात. पहाटे एकतानगरीत पाणी शिरलं. लोक झोपेतून उठून पार्किंगमध्ये तरंगणाऱ्या गाड्या बघत होते. लष्कराची माणसं आली. बोटीसुद्धा! आमची सोसायटी चढावर, म्हणून वाचली. पण आमच्याकडे काम करणाऱ्या ताईंचं घर खालच्या बाजूला. त्यांच्या मुलाची दहावीची पुस्तकं आमच्या टेरेसवर दोन दिवस वाळत होती. आणि त्याआधी, २५ सप्टेंबर २०१९ ची आंबिल ओढ्याची रात्र पुणेकर अजून विसरलेले नाहीत.

त्या सकाळी बाबांचा फोन आला. "तुमच्याकडं किती?" आयुष्यात पहिल्यांदा आकडा मी सांगत होते आणि काळजी ते करत होते.

संध्याकाळी सोसायटीत मीटिंग. नाला कुणी अरुंद केला, सूचना वेळेवर का आली नाही, राडारोडा कुणी टाकला. सगळे तावातावानं बोलत होते. एका काकांनी विचारलं, "इथं मतदार किती आहेत हात वर करा. नेत्याला भेटायला जायचंय, आकडा सांगावा लागतो." एकशे चार फ्लॅट्स. हात वर झाले जेमतेम साठ. निम्म्याहून अधिक माणसं 'मूळची' दुसरीकडची. काका शांतपणे म्हणाले, "मग आपण कशाच्या जोरावर बोलतोय?"

कायद्याला विचारलं तर

कायद्याला विचारलं तर तो काय म्हणतो? १९५० चा लोकप्रतिनिधित्व कायदा म्हणतो की वय अठरा असावं आणि त्या मतदारसंघात तुम्ही 'सर्वसाधारणपणे राहणारे' असावं. (अठरा हे ६१ व्या घटनादुरुस्तीनंतर. त्याआधी एकवीस होतं.) गावात घर आहे, सातबारावर नाव आहे, एवढ्यावर तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. उलट काही दिवस बाहेर गेलात म्हणून तिथले नाही असंही होत नाही. दोन मतदारसंघांत नाव ठेवता येत नाही. अर्जात जाणूनबुजून खोटं लिहिलं तर एक वर्षापर्यंत शिक्षा होऊ शकते.

वाचायला सोपं आहे. पण 'सर्वसाधारणपणे' म्हणजे किती साधारण? दहा वर्षं पुण्यात, पण पुराच्या दिवसांत जीव शिरोळात, हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

आयोगाला ही भानगड ठाऊक नाही असं नाही. २०१९ च्या लोकसभेला ३० कोटींहून अधिक मतदारांनी मत दिलं नाही. त्यात पोटापाण्यासाठी घर सोडलेले खूप, हे आयोगानंच म्हटलं. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी एका यंत्राचा नमुना जाहीर केला. रिमोट व्होटिंग मशीन. एका बूथवर एकाच यंत्रातून ७२ मतदारसंघांपर्यंतचं मतदान. म्हणजे मी पुण्यातल्या बूथवर जाऊन हातकणंगल्याचं बटण दाबायचं. १६ जानेवारी २०२३ ला पक्षांना प्रात्यक्षिक दाखवायला बोलावलं. विरोधी पक्षांनी शंकांची यादीच पुढे ठेवली. स्थलांतरित म्हणजे कोण, परराज्यात आचारसंहिता कोण बघणार, एजंट कुठून आणायचे? शंका अगदीच पोकळ नव्हत्या. २०२४ ची निवडणूक त्या यंत्राशिवाय झाली.

आणि आपण ठरवलं नाही तर? २०२५ मध्ये बिहारमध्ये यादीचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं. मसुदा यादीतून सुमारे ६५ लाख नावं बाहेर गेली. मृत, दुबार आणि कायमचे स्थलांतरित अशी कारणं दिली गेली. त्यावर बरंच रण माजलं, कोर्टकचेरी झाली. पण मला त्यातला एकच शब्द चिकटला. 'कायमचे स्थलांतरित'. कुणीतरी तुमच्या दारावर येऊन, कुलूप बघून, हा शब्द लिहू शकतो.

बाल्कनीतली प्रेक्षक

पुणे महापालिकेत मार्च २०२२ पासून नगरसेवकच नव्हते. प्रशासक होता. नाला तुंबला तर भांडायचं कुणाशी? अखेर १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं. ४१ प्रभाग, १६५ नगरसेवक. एका मतदाराला चार-चार बटणं. सोसायटीच्या गेटवर उमेदवारांची रीघ. तिळगूळ, पत्रकं, हळदीकुंकू. एक उमेदवार बाई माझ्याशी नाल्याच्या भिंतीबद्दल दहा मिनिटं बोलल्या, फोन नंबर दिला, आणि मग विचारलं, "यादी क्रमांक काय तुमचा?" मी सांगितलं, माझं नाव इथं नाही. त्यांचा चेहरा काही पडला वगैरे नाही. त्या फक्त शेजारच्या दाराकडे वळल्या. त्यांचंही बरोबरच होतं की! वेळ संध्याकाळपर्यंतच.

त्या आठवड्यात मी फॉर्म ८ भरला. पत्ता बदलण्यासाठी आता हाच फॉर्म लागतो. ऑनलाइन वीस मिनिटांचं काम. सबमिटचं बटण दाबायला मात्र चार दिवस लागले. कारण आधी बाबांना सांगायचं होतं.

"नाव काढतो म्हणतीस?" बाबा म्हणाले.

"काढत नाही हो. हलवतोय." (क्रियापद बघा, आलंच शेवटी.)

"रेशन कार्डातनं गेलंस लग्नात. आता यादीतनं."

यावर काय बोलणार? मी म्हटलं, "बाबा, तुम्ही दोघं तिथं आहात. दोन मतं आहेत. इथं आमच्या घरातलं एकपण नाही." नवऱ्याचं नाव अजून लातूरला आहे, हे त्यांना माहीत होतं. बराच वेळ काही बोलले नाहीत. पाठीमागे म्हैस ओरडल्याचा आवाज येत होता.

"बरं," ते म्हणाले. "तू तिकडचा नाला बघ. आयर्विनचं मी बघतो."

पुढच्या महिन्यात बीएलओ बाई घरी आल्या. शाळेतल्या शिक्षिका. चपला काढून, पाणी पिऊन, त्यांनी विचारलं, "इथंच राहता ना सर्वसाधारणपणे?" मी हो म्हटलं. त्यांनी टिक केली. एवढंच.

याचा अर्थ सगळ्यांनी उठून शहरात नाव लावावं असा नाही. तुमची जमीन, तुमची म्हातारी माणसं, तुमचं उद्याचं परत जाणं गावात असेल आणि तुम्ही खरोखर तिथले असाल, तर पाच तास बसमध्ये बसा, अजिबात कंटाळू नका. पण जिथला नाला तुमच्या पार्किंगमध्ये येतो तिथं तुमचं मत नाही, आणि जिथं मत आहे तिथं तुम्ही चार वर्षांत फिरकला नाही, असं असेल तर मात्र एकदा बसा, चहा घ्या आणि ठरवा. यादीत नाव शोधायला पाच मिनिटं लागतात. पावसाळा दरवर्षी येतो, आणि त्या वेळी कुणाला फोन करायचा हे आधीच ठरलेलं बरं!